उजव्या हाताची तीन बोटं

१

व्हिसा केंद्रातल्या यंत्रानं दुसऱ्यांदा निकाल दिला, की या मुलीच्या उजव्या हाताला बोटं नाहीत.

बोटं होती. पाहुणी ती कारखान्याच्या टेबलावर पसरून बसली होती आणि मास्तर चष्मा वर-खाली करत ती न्याहाळत होते. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, तिन्हीचे शेंडे गुळगुळीत झालेले. रेषांची नक्षी जिथे असायची तिथे नुसती लालसर कातडी. बाजूला केंद्रातून मिळालेला कागद पडला होता: उजवा हात - ठसे अमान्य; डावा हात - मान्य; तिसरी आणि शेवटची संधी पुढच्या महिन्यात. त्याही वेळी यंत्राला ठसे वाचता आले नाहीत तर अर्ज बंद.

"तुला मी काय सांगितलं होतं?" मास्तर गरजले.

"पॉलिश पेपरला हात लावायचा नाही."

"मग?"

"माझा एकही साचा मी घासलेला नाही, मास्तर. तुम्ही सांगितल्या दिवसापासून."

मास्तरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही असा त्यांचा लौकिक होता, आणि तो पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटाही बराच होता. दाराबाहेर पावलं वाजली की कुणाचा कुठला पाय दुखतोय हे ते न बघता सांगत. कामच तसं होतं. हा कृत्रिम पायांचा कारखाना, आणि त्याला जोडून तिथल्या कामाचं शिक्षण देणारी लहानशी शाळा. ज्याचा पाय कापला गेलाय त्याच्या उरलेल्या पायाचं प्लास्टरनं माप घ्यायचं, त्यावरून प्लास्टरचाच भरीव साचा ओतायचा, तो कानशीनं आणि पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायचा, मग त्याच्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढून बसवायचं. साच्यावर तांदळाएवढा उंचवटा राहिला तरी माणसाला चालताना जखम होते. तो उंचवटा सहसा डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच लागतो. म्हणून हातमोजे घालून हे काम होत नाही, आणि म्हणून या कामातल्या माणसांचे ठसे पुसले जातात.

पाहुणी हे तिचं कारखान्यातलं नाव. दूरच्या देशातून शिकायला आलेली, म्हणून पाहुणी. इथली भाषा ती मास्तरांच्याच तोंडून शिकली होती, त्यामुळे चिडली की तिच्या तोंडातून हुबेहूब मास्तरांचीच बोलणी बाहेर पडत. तिला आता तिसऱ्याच देशात जायचं होतं. तिथल्या एका इस्पितळात लहान मुलांचे पाय बनवतात. वाढत्या मुलाला दर वर्षी नवा पाय लागतो आणि ती कारागिरीच वेगळी असते. तिथे वर्षभर हाताखाली काम करून शिकायला तिची निवड झाली होती. पाहुणीच्या घरी धाकटी बहीण होती. लहानपणी एका अपघातात पाय गेलेली, आणि त्यांच्या देशात मुलांचे पाय बनवणारं कुणीच नव्हतं. धाकटी कुबड्यांवर वाढत होती आणि फोनवर दर वेळी एकच विचारायची, "ताई, शिकून झालं का?"

पण परक्या देशात शिकणाऱ्या परक्या मुलीनं आणखी तिसऱ्या परक्या देशाचा व्हिसा मागायचा म्हणजे नाकी नऊ येतात. इथला तिचा मुक्कामाचा परवाना शिक्षण संपलं की संपणार होता. त्यानंतर अर्ज करायचा तर तो स्वतःच्या देशातून. तिथे त्या तिसऱ्या देशाची वकिलातच नव्हती. ती होती शेजारच्या देशात, आणि शेजारच्या देशात जायलाही व्हिसा लागत होता. व्हिसा मागायला जाण्यासाठी व्हिसा! मास्तर हे ऐकून पहिल्यांदा पोट धरून हसले होते. दुसऱ्यांदा त्यांना हसू आलं नाही.

म्हणून तर निवड झाल्याबरोबर त्यांनी फर्मान काढलं होतं, की पाहुणीनं घासकामाला हात लावायचा नाही. तिला मापं घ्यायला बसवलं, नवे हातमोजे आणून दिले, रोज हाताला लावायला मलमाची बाटली दिली. सगळ्या साच्यांचा शेवटचा हात मास्तर स्वतः मारू लागले. त्या गोष्टीला इतके आठवडे लोटले होते की एवढ्यात कुणाच्याही बोटांवर नवी कातडी आली असती.

मास्तरांनी मलमाची बाटली उचलली आणि नाकाला लावली.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझी बोटं आपोआप गेलेली नाहीत. कुणीतरी घालवली आहेत."

पाहुणीच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

२

संशय घ्यायला माणूस शोधावा लागला नाही. निवडीच्या यादीत पाहुणीच्या खालोखाल लंबूचं नाव होतं. ती गेली नाही तर तो जाणार होता.

लंबू तिचा वर्गमित्र. उंच, ओणवा, कामात अंगचोर, आणि स्वभावानं इतका गोड की त्याला रागवायचं म्हणजे आधी चेहरा सरळ ठेवण्याची कसरत करावी लागे. पॉलिश पेपरशी त्याचं कधीच सूत जुळलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या बोटांचे ठसे नव्या नाण्यासारखे स्वच्छ उमटत.

मास्तरांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. रोज संध्याकाळी घासकाम संपलं की साचे मांडणीवर ठेवून ते टेबल आणि खालची फरशी स्वतः ओल्या फडक्यानं पुसत. ही त्यांची जुनी सवय. आणि हल्ली कैक दिवस सकाळी आलं की मांडणीखाली पांढरी, पिठासारखी धूळ दिसे. रात्रीतून प्लास्टर काही स्वतःला घासून घेत नाही. प्लास्टिक तापवायची भट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून कुणीतरी भल्या सकाळी येऊन ती लावायची असते. ती पाळी, आणि कारखान्याची किल्ली, लंबूकडे होती.

त्यांनी लंबूला भट्टीमागे गाठलं.

"पाहुणीची मलमाची बाटली तिच्या खणात असते, माहीत आहे ना तुला?"

"असते की."

"त्या मलमात बारीक प्लास्टरची पूड कालवली तर काय होईल?"

लंबूनं विचार केला. "मलम वाया जाईल," तो म्हणाला.

"गाढवा! बोटं जातील. मलम म्हणून चोळायचं आणि कातडी सोलून निघायची."

आता कुठे लंबूला बोलण्याचा रोख कळला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. "मास्तर, मी आळशी आहे. पण इतका वाईट आहे का हो?"

मास्तरांना क्षणभर वाईट वाटलं. पण तपासात मन घट्ट करावं लागतं, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. "मग सकाळी साच्यांच्या मांडणीपाशी काय उद्योग चालतो तुझा? धूळ कसली पडते तिथे?"

लंबूनं दाराकडे पाहिलं. दारातून पाहुणी मापाची फीत गळ्यात घालून जात होती. तिनं याच्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडीशी हलवली. नाही अशी. मास्तरांच्या नजरेतून ते सुटलं नाही, पण त्यांनी त्याचा अर्थ चुकीचा लावला. बिचारी याला भिते, असं त्यांना वाटलं.

"मास्तर," लंबू म्हणाला, "मला काहीही विचारा. हवं तर ती जागा मला नको असं लिहून देतो. पण सकाळचं तेवढं विचारू नका."

३

पाणी कुठेतरी मुरत होतं. मास्तर व्यवस्थापक बाईंच्या खोलीत गेले.

या बाई कारखान्याचा सगळा कारभार बघत. कमी बोलायच्या आणि जे बोलायच्या ते मोजून. पाहुणी गेली तर सगळ्यात हुशार हात जाणार, याचं दुःख त्यांना होतं आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. मास्तरांच्या लेखी तेवढं कारण पुरेसं होतं.

चहा आला. बिनकानाच्या स्टीलच्या पेल्यांतून, उकळता. बाईंनी आपला पेला रुमालात धरला. मास्तरांनी आपला नुसता बोटांत उचलला आणि बोलायला सुरुवात केली.

"ती राहावी असं तुम्हाला वाटतं. खरं की नाही?"

"वाटतं. पण ती जावी असंही वाटतं." बाईंची नजर मास्तरांच्या हातावर खिळली होती. "मास्तर, चहा फार गरम आहे हो."

"आमचे हात काय लोण्याचे आहेत?" मास्तर ऐटीत म्हणाले. "सगळं आयुष्य प्लास्टरमध्ये गेलं. आता विस्तव धरला तरी चटका बसायचा नाही."

बाई यावर हसल्या नाहीत. त्यांनी विषय बदलला, निदान मास्तरांना तसं वाटलं. "गेल्या वर्षी काही पेशंट जखमा घेऊन परत आले होते. तो टपालवाला तर महिनाभर अंथरुणावर होता."

"सूज आली असेल. पाय लहानमोठा होतो माणसाचा."

"असेल. यंदा मात्र एकही आलेला नाही. टपालवाल्याचा नवा पाय इतका छान बसलाय की तो म्हणतो, आपला पाय गेलाय हे विसरायला होतं."

मास्तरांची छाती फुगली. यंदा बहुतेक साच्यांवर शेवटचा हात त्यांचाच होता! मूळ चौकशी बाजूला राहिली आणि त्यांनी साचा घासण्याची आपली खास पद्धत बाईंना पुन्हा एकदा सांगितली: कागद अंगठा आणि दोन बोटांत धरायचा, तळवा लावायचा नाही, डावा हात फक्त आधाराला. ही पकड त्यांची स्वतःची होती. त्यांच्या हाताखाली शिकलेला कुणीही, जगात कुठेही असला तरी, कागद असाच धरणार.

बाईंनी ऐकून घेतलं. मास्तर उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, जे शोधताय ते सापडलं तर त्या मुलीला रागावू नका."

"तिला कशाला रागावू? रागवायचं ते करणाऱ्याला!"

तिथून ते तडक पाहुणीच्या घरमालकीणबाईंकडे गेले. पाहुणी त्यांच्याकडे मागच्या खोलीत राहायची आणि त्यांना काकू म्हणायची. या काकू भाडेकरणीकडून भांडी तर घासून घेत नाहीत ना, कसल्यातरी जहाल पावडरीनं?

काकू हे ऐकून फणकारल्या. "मी तिला साधा कप विसळू देत नाही! तो व्हिसाचा कागद आल्यापासून तिच्या हाताला पाणीसुद्धा लागू देत नाही. स्वतःच्या मुलीचे एवढे लाड केले नाहीत मी."

"मग दिवसभर ती करते काय?"

"दिवसभर तुमच्याचकडे असते. पहाटे उजाडायच्या आत बाहेर पडते. फिरायला जाते म्हणते." काकू जरा घुटमळल्या. "पण एक सांगू? त्या यंत्रानं पहिल्यांदा नाही म्हटल्यावर तिनं फिरणं बंद केलं होतं. सकाळी घरीच असायची, बोटांना तेल लावून बसायची. बोटं सुधारतही होती. मला दाखवायची, काकू, बघा, रेषा आल्या. आणि मग एके दिवशी कारखान्यातून आली ती रडतच. विचारलं तर म्हणाली, एका छोट्या मुलीचं माप घेतलं आज, आमच्या धाकटीएवढीच आहे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहाटे फिरायला."

मास्तर उठता उठता पुन्हा खाली बसले. मुलांचे पाय इथे होत नसत, पण त्या छोट्या मुलीसाठी मोठ्यांच्याच पद्धतीनं एक तात्पुरता पाय करायला घेतला होता; तिचा साचा त्यांना चांगला आठवत होता. त्यावर शेवटचा हात त्यांनी स्वतः मारला होता.

४

घरी आल्यावर मास्तर जेवले नाहीत. खुर्चीत बसून राहिले. त्यांना कोडी सुटल्याशिवाय चैन पडत नसे, आणि हे कोडं आता सुटायला आलं होतं, पण ज्या बाजूनं ते सुटत होतं ती बाजू त्यांना पसंत नव्हती.

मलमात पूड असती तर ती दोन्ही हातांना लागली असती. मलम चोळताना कुणी डावा हात वगळत नाही. डावा हात तर यंत्रानं मान्य केला होता. उजव्याचीही करंगळी आणि शेजारचं बोट शाबूत होतं. गेली होती ती फक्त अंगठा आणि दोन बोटं. म्हणजे कागदाची पकड. मास्तरांची पकड. ती घासकाम करत होती, यात शंका नाही.

पण पाहुणी खोटं बोलत नाही. "माझा एकही साचा मी घासलेला नाही," असं ती म्हणाली होती. लंबूचे साचे? लंबूला महिनाभर साचाच दिला नव्हता. कारखान्यात त्या दिवसांत तयार झालेला प्रत्येक साचा मास्तरांच्या हातून पूर्ण होऊन मांडणीवर जात होता. आणि धूळ पडत होती ती त्याच मांडणीखाली. सकाळी. लंबूची पाळी तिनं मागून घेतली असणार आणि लंबूनं ते कबूल न करण्याची शपथ घेतली असणार.

म्हणजे ती घासत होती ते मास्तरांचे साचे. पूर्ण झालेले.

"कशाला?" मास्तर मोठ्यानं म्हणाले.

"काय कशाला?" त्यांची बायको आतून बाहेर आली. त्यांच्याकडे बघून ती जवळ आली आणि सदऱ्याची बटणं काढू लागली. "आधी कपडे बदला."

"माझी मी काढतो."

"राहू दे. परवा कसं, बटण लावता लावता घामाघूम झालात. हल्ली मीच लावते आणि मीच काढते की नाही?"

मास्तर तिच्या बोटांकडे बघत राहिले. बटण काजातून झटकन सुटत होतं. बायको हल्ली लाडात आली आहे, म्हातारपणी प्रेम ऊतू जातंय, असं त्यांनी कारखान्यात सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं. सगळे हसले होते. पाहुणी तेवढी हसली नव्हती.

"डॉक्टर काय म्हणाले होते गं?" त्यांनी विचारलं. "त्या साखरेच्या आजाराचं?"

बायकोचे हात थांबले. "तुम्हीच तर म्हणालात, डॉक्टरला काय कळतंय म्हणून. पुढचं ऐकून न घेताच उठलात."

५

सकाळी उजाडत असताना मास्तर कारखान्याच्या दाराशी पोचले. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा होता.

मांडणीपाशी लंबू वाकून उभा होता. मास्तरांनी कालच पूर्ण केलेला साचा तो घासत होता. रागानं मास्तरांच्या कानशिलात रक्त उसळलं. ते ओरडणार तोच त्यांना दुसरा आवाज ऐकू आला.

"थांब, कागद बाजूला ठेव. आधी बोट फिरव. खालून वर. लागलं?"

"नाही."

"पुन्हा फिरव, गाढवा. डोळे मीट."

भट्टीशेजारी स्टुलावर पाहुणी बसली होती. दोन्ही हातांत मोजे, आणि ते हात मांडीवर घट्ट दाबून धरलेले, उठून साच्याकडे जाऊ नयेत म्हणून.

"लागलं!" लंबू म्हणाला. "दोन आहेत. हा एक, आणि खाली नडगीवर."

"नडगीवरचा आधी काढ. हाडावर येतो तो. मास्तरांच्या बोटाला हल्ली ते लागतच नाही."

मास्तर आत आले. लंबूच्या हातून कागद गळून पडला. पाहुणी उभी राहिली.

"आण तो साचा इकडे," मास्तर म्हणाले.

त्यांनी साचा घेतला, डोळे मिटले आणि बोट खालून वर फिरवलं. गुळगुळीत. लोण्यासारखा गुळगुळीत. त्यांनी आपल्या हातांनी इतकी वर्षं साचे केले होते तसाच. "यात काहीही नाही," ते म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले आणि मग दिव्याच्या तिरप्या उजेडात साचा धरला, जसा ते पहिल्या वर्षाच्या मुलांना धरायला लावत, कारण त्यांच्या बोटांना अजून समज आलेली नसते. नडगीवर, बरोबर मध्यावर, एक उंचवटा होता. त्याची सावली पडली होती. मास्तरांनी त्या सावलीवर बोट ठेवलं. बोट उंचवट्यावर होतं हे त्यांना दिसत होतं. एवढंच. लागत काहीच नव्हतं.

त्यांनी साचा टेबलावर ठेवला. तो नीट ठेवला गेला की नाही हे बघण्यासाठी त्यांना तिकडे पाहावं लागलं.

"कधीपासून?"

"टपालवाल्याला जखम झाली तेव्हापासून," पाहुणी म्हणाली. "मी त्यांचा जुना साचा तपासला. मग तुमचे बाकीचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगायचं, मास्तर?" आता ती रडायला लागली. "माझ्या हातात हात धरून तुम्ही मला उंचवटा शोधायला शिकवलंत. म्हणालात, बोट म्हणजे डोळा. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू, की तुमचा डोळा गेला? बाईंना कळलं असतं तर तुमचं काम बंद झालं असतं. मला वाटलं, मी इथे आहे तोवर मी करते. पुढे लंबू करेल."

"आणि तुझा व्हिसा?"

"पहिल्यांदा नाकारल्यावर मी थांबले होते. खरंच थांबले होते. पण ती छोटी आली. तिच्या साच्यावर गुडघ्याखाली एवढा मोठा..." तिनं मोजा घातलेल्या बोटांनी माप दाखवलं. "सोडून देता आलं नाही. ती चालायला लागली असती आणि रक्त आलं असतं. मला सारखी धाकटीच दिसत होती. लंबूला तेव्हा जमत नव्हतं. आता जमायला लागलंय."

लंबू खाली बसून गुडघ्यांत तोंड घालून रडत होता. मास्तर त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. त्यांनी या पोराला काय काय म्हटलं होतं ते सगळं त्यांना आठवलं आणि लाज वाटली. गुन्हेगार शोधायला निघाले होते, डोळ्यांत तेल घालून. तो सापडला होता, त्यांच्याच सदऱ्यात उभा होता.

६

त्याच दिवशी मास्तरांनी बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला अंदाज होता." त्या दिवसापासून मास्तरांनी पॉलिश पेपरला हात लावला नाही. ते मापं घेत, शिकवत, आणि घासलेल्या साच्याजवळून जाताना हात मागे बांधत.

पाहुणीच्या बोटांची मात्र घरादारानं बडदास्त ठेवली. काकू तेल लावत, मास्तरांची बायको डबा पाठवी, चमच्यानं खाता येईल असाच. रेषा येत होत्या. अगदी पुसट, पण येत होत्या. तिसऱ्या संधीच्या दिवशी मास्तर तिच्याबरोबर केंद्रात गेले.

यंत्रात हिरवा उजेड लागला. डावा हात मान्य. मग उजवा. यंत्र बराच वेळ विचार करत राहिलं आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागला. मग उजेड लाल झाला. कारकून बाईनं काच पुसली, पाहुणीची बोटं ओल्या रुमालानं पुसली आणि पुन्हा ठेवायला सांगितली. कारकून बाईलाही खरंच वाटत होतं की काम व्हावं. पुन्हा लाल.

"मॅडम," मास्तर खिडकीला टेकून म्हणाले, "ही मुलगी माझं काम करत होती. माझे हात गेलेत, म्हणून तिचे ठसे गेले. चूक माझी आहे. हवं तर माझा ठसा घ्या. मी काय हवं ते लिहून देतो."

"आजोबा, मला कळतंय हो," कारकून बाई म्हणाली. "पण हे मी कुठे नोंदवू? इथे दोनच पर्याय आहेत. ठसा आला किंवा ठसा नाही आला."

"आणखी थोडे दिवस द्या. येतायत रेषा. बघा ना तुम्ही, दिसतायत."

तिनं काचेतून पाहिलं. तिलाही दिसत होत्या. तिनं मान खाली घातली आणि अर्ज बंद केला.

बाहेर आल्यावर पाहुणीनं घरी फोन लावला. मास्तर लांब जाऊन उभे राहिले, पण धाकटीचा आवाज तिथपर्यंत आला. "ताई, मग तू कधी शिकणार?" पाहुणी म्हणाली, "मोठ्यांचे पाय येतात मला. बघू." धाकटी म्हणाली, "मग मी मोठी होईपर्यंत थांबते." हे ती समजूतदारपणे म्हणाली आणि म्हणूनच मास्तरांना ते सोसलं नाही.

जागा लंबूला गेली. त्यानं नको म्हणून पाहिलं. मास्तरांनी त्याला शेवटचं एकदा गाढव म्हटलं आणि सांगितलं, "जा. तिथे जे शिकशील ते रोज तिला फोनवर दाखव. अंगचोरपणा केलास तर मी तिथे येईन. मला व्हिसा सहज मिळेल, माझे ठसे कसे अगदी ठळक आहेत, आता काही घासतच नाही ना मी." लंबू हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही.

पाहुणीचा परवाना संपला. विमानतळाच्या काचेच्या दारापर्यंत मास्तर आणि त्यांची बायको पोचवायला गेले. काकूंनी घरूनच निरोप घेतला होता, त्यांना ते बघवलं नसतं. बायकोनं पाहुणीला जवळ घेतलं आणि मग ती बाजूला झाली.

"माझ्यामुळे गेलं सगळं, पोरी," मास्तर म्हणाले.

"तुमच्यामुळे आलं होतं, मास्तर. हातात कला होती म्हणून तर निवड झाली." तिनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मास्तरांनी पाहिलं, तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, म्हणजे ती खूप घट्ट धरत असणार.

"कळतंय का?" तिनं विचारलं.

"कळतंय," मास्तर म्हणाले.

मग त्यांचे डोळे भरून आले आणि समोरचं दिसेनासं झालं. बायकोनं पदरानं त्यांचे डोळे पुसले तेव्हा काचेचं दार बंद झालेलं होतं. मास्तर हात तसाच पुढे धरून उभे होते. तिनं तो कधी सोडला, ते त्यांना कळलंच नव्हतं.